शेळी की मेंढी? : इनामगावच्या हाडांचे वाचन

पुरातत्त्वीय अहवालांत एक जोडनाव वारंवार भेटते : शेळी/मेंढी. मधली तिरकी रेघ ही निर्णय न झाल्याची खूण होय. शिंगाचे मूळ किंवा पायाच्या हाडाचे टोक शाबूत असेल, तर तज्ज्ञ या दोन प्राण्यांत फरक करू शकतो. फोडून फेकलेले तुकडे मात्र बहुधा मुके राहतात. मराठीनेही ‘शेळ्यामेंढ्या’ असा एकच शब्द करून ठेवला आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नाही. मेंढी मुख्यतः गवतावर जगते; शेळी काटेरी झुडपे ओरबाडून दुष्काळातही तग धरते. कळपात कोण अधिक होते, यावरून त्या काळचे रान आणि माणसाची भटकंती यांविषयी काही अनुमान करता येते.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. सांकळिया, ढवळीकर व अन्सारी यांच्या या कामातून इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. ढवळीकरांच्या मांडणीनुसार इसवी सनपूर्व १००० नंतर पाऊस घटला, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेतकरी अर्धभटक्या पशुपालनाकडे वळला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या ग्रंथात तेथील बालकांच्या सांगाड्यांच्या आधारे हवामानाच्या या कथेची फेरतपासणी केली. वाद अजून जिवंत आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना याचे काय, असे कोणी विचारील. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांत शोधले, गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या मौखिक परंपरांचा मागोवा घेतला. आपल्या वाङ्मयीन इतिहासाच्या मुळाशी मेंढपाळ उभा आहे. म्हणूनच इनामगावच्या मेंढपाळाला थेट ओवीतल्या धनगराशी जोडण्याचा मोह होतो. मधली सुमारे पंचवीस शतके ओलांडणारी ही उडी पुराव्याशिवाय घेता येत नाही.

येथे प्रथिनांचे विश्लेषण उपयोगी पडू शकते. हाडातील कोलॅजेन हे प्रथिन डीएनएपेक्षा सामान्यतः अधिक काळ टिकते. हाडाचा चिमूटभर नमुना आम्लात ठेवून त्यातील खनिज काढतात, उरलेले कोलॅजेन ट्रिप्सिन या विकराने ठरावीक जागी कापतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर त्या तुकड्यांची वस्तुमाने मोजतात. वस्तुमानांची ही मालिका म्हणजे प्राण्याच्या गटाचा जणू अंगठाच. मायकेल बकली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की एकाच तुकड्यावरून शेळी व मेंढी वेगळी काढता येते : मेंढीत तो सुमारे ३०३३ डाल्टन, तर शेळीत ३०९३ डाल्टन भरतो.

अशा तपासण्या प्रस्थापित समज कसा उलटवतात, याचे उदाहरण बास्क देवमासेमारीत सापडते. कॅनडातील रेड बे येथे सोळाव्या शतकात बास्क खलाशी तेलासाठी देवमासे मारीत. त्यांनी राइट व बोहेड या दोन्ही जाती जवळजवळ सारख्याच संख्येने मारल्या, असा हाडांच्या आकारावरून समज होता. २००४ व २००८ च्या डीएनए अभ्यासांत जवळजवळ सगळी हाडे बोहेडची निघाली. राइट देवमाशांच्या ऱ्हासाचा मोठा दोष या शिकारीवर टाकणारे गृहीतकच त्यामुळे डळमळले.

मात्र प्रयोगशाळेकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. उष्ण हवामानात जैविक द्रव्ये लवकर झिजतात; राखीगढीच्या साठाहून अधिक नमुन्यांपैकी केवळ एकातूनच उपयुक्त डीएनए मिळाला, असे २०१९ च्या शोधनिबंधात नमूद आहे. कोलॅजेनही अमर नाही. शिवाय प्रथिन जनावराचे नाव सांगते. ते कोणी, कोणत्या श्रद्धेने पाळले, हे सांगत नाही. त्यासाठी घरांची मांडणी, दफने, दगडी हत्यारे आणि अखेर मौखिक परंपरा यांच्याकडेच जावे लागते.

संहितेचा चिकित्सक अभ्यास करणाऱ्याला ही शिस्त परकी नाही. संशयास्पद पाठाला तो खूण करून ठेवतो आणि आपल्या आवडीचा अर्थ तेथे भरत नाही. ‘शेळी/मेंढी’ मधील रेघ ही तशीच एक प्रामाणिक खूण आहे. ती पुसायची तर पुराव्याने पुसावी, कथेच्या ओढीने नव्हे.