खुर्च्यांच्या कंपनीची अठरा गाणी

वाङ्मयाचा इतिहास शिकवताना एक गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो : जे निर्माण झाले त्याचा नव्हे, तर जे उरले त्याचाच इतिहास आपण लिहीत असतो. आणि उरण्यामागे गुणवत्ताच असते असे नाही. पुष्कळदा तेथे व्यवहार असतो, आणि योगायोगही. हे विधान पटवून देण्यासाठी साहित्याबाहेरचे एक उदाहरण आम्हांला अधिक बोलके वाटते. ते आहे अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायक स्किप जेम्स याचे.

जेम्सचा जन्म 1902 मधला, मिसिसिपी राज्यातील बेंटोनिया या लहानशा गावचा. तरुणपणी त्याने रस्त्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या कामावर मजुरी केली, चोरटी दारूही गाळली. गिटारच्या तारा तो डी मायनर स्वरमेळात लावीत असे. त्या उदास लागणीवर त्याचा उंच, पातळ आवाज तरंगत राही. पियानोवरही त्याचा हात चांगला होता. ब्लूज म्हणताच जो रांगडा, घोगरा आवाज आपल्याला आठवतो, त्याच्याशी याचे फारसे नाते नाही.

जॅक्सन शहरात एच. सी. स्पीअर नावाचा एक दुकानदार ध्वनिमुद्रिका विकीत असे आणि कंपन्यांना नवे गायकही मिळवून देत असे. 1931 च्या प्रारंभी जेम्स त्याच्यापुढे गायला. लगेचच त्याची रवानगी उत्तरेकडील विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन येथे, पॅरामाऊंट कंपनीकडे झाली. जेम्सच्या स्वतःच्या आठवणीप्रमाणे तेथे त्याने 26 गाणी गायली. आज उपलब्ध आहेत ती 18. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे, हीच त्या तबकडीची मर्यादा. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनाही आपला ख्याल याच मापात बसवावा लागला होता, हे येथे आठवावे.

आता ही पॅरामाऊंट म्हणजे कोण? ती होती विस्कॉन्सिन चेअर कंपनीची शाखा. नावाप्रमाणेच मूळ धंदा लाकडी सामानाचा. त्यातून ही मंडळी ग्रामोफोनच्या पेट्या बनवू लागली. आणि पेट्या खपायच्या तर त्यांवर वाजवायला तबकड्या हव्यात, म्हणून तबकड्या काढू लागली. गाणे हा कंपनीच्या दृष्टीने पेटीचा जोडमाल होता. तबकडीचा माल हलका, मुद्रण खरखरीत. त्यात महामंदीने खरेदीदाराचा खिसा रिकामा केलेला. जेम्सच्या तबकड्या जेमतेम खपल्या आणि त्याच्या पदरात फारसे काही पडले नाही. 1932 मध्ये पॅरामाऊंटने ध्वनिमुद्रण थांबवले. पुढे काही वर्षांतच तिचा धंदा बंद झाला.

निराश जेम्स ब्लूजपासून दूर गेला. वडील धर्मोपदेशक होते. त्यांच्या चर्चमध्ये त्याने गायकवृंद चालवला आणि पुढे स्वतःही उपदेशक झाला. 1931 नंतर 33 वर्षे त्याची एकही तबकडी निघाली नाही. आणि तरीही ती गाणी नाहीशी झाली नव्हती. 1936 मध्ये रॉबर्ट जॉन्सनने जेम्सच्या एका गाण्यावरून आपले गाणे बांधले, तेव्हा जेम्स ब्लूजच्या जगातून बाहेर पडलेला होता.

1964 मध्ये जुन्या तबकड्यांच्या वेडाने झपाटलेले तिघे तरुण त्याचा शोध घेत मिसिसिपीत पोहोचले. ट्युनिका येथील रुग्णालयात तो त्यांना सापडला. त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. नव्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, कौतुकही झाले. पण नव्या श्रोत्यांना हवा होता तो 1931 मधलाच जेम्स, आणि समोर होता कर्करोगाने ग्रासलेला साठीचा गृहस्थ. 1966 मध्ये ‘क्रीम’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने त्याचे ‘आय ॲम सो ग्लॅड’ गायले. त्या रॉयल्टीचा उपचाराच्या खर्चाला हातभार लागला. 1969 मध्ये तो वारला.

ही कथा ‘उपेक्षित प्रतिभावंत’ या ठराविक साच्यात बसवण्याचा मोह होतो. आम्हांला तो टाळावासा वाटतो. त्या साच्यात उपेक्षा हीच गुणवत्तेची खूण ठरते, आणि उद्योगाची बेपर्वाई कलावंताच्या चरित्रातील रम्य प्रकरण बनते. जेम्सला ती रम्य वाटण्याचे कारण नव्हते. त्याला मोबदला हवा होता आणि नाव हवे होते.

पण दुसरी बाजूही नाकारता येत नाही. ज्या कंपनीने त्याला निराश केले, तिच्याचमुळे त्याचा तरुणपणचा आवाज आज आपल्याकडे आहे. जतन करण्याचा तिचा हेतू नव्हता. तिला पेट्या विकायच्या होत्या. बेंटोनियाच्या परिसरात त्या काळी आणखी किती जण गात असतील, ज्यांच्यापर्यंत कोणताही दुकानदार पोहोचला नाही, त्यांच्याविषयी इतिहास गप्प आहे. म्हणून ही 18 गाणी आम्ही वर्गात ऐकवतो, ती जेम्सची ‘समग्र रचना’ म्हणून नव्हे. कोणाचा तरी धंदा जेथवर चालला, तेथवरच आपल्याला ऐकू येते. आपल्या हाती असलेल्या प्रत्येक संहितेपुढे हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा, एवढ्यासाठी.