गाडी बंद पडली, आता कोण येणार?

मोटार विम्याचं नूतनीकरण करताना 'रोडसाइड असिस्टन्स हवा का?' असं विचारलं जातं. काही शे रुपयांचाच प्रश्न असतो, म्हणून बहुतेक जण हो म्हणून मोकळे होतात. ती खूण करण्याआधी या मदतीची वंशावळ एकदा पाहावी, असं मला मनापासून वाटतं. तिची दोन घराणी आहेत: एक जागेवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं, दुसरं गाडी उचलून नेणाऱ्या क्रेनचं. आपल्या पदरात यातलं कोणतं पडतंय, हे कळल्याशिवाय पॅकेजची तुलना करण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला तर घराणंच नव्हतं. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेल्या मोटारीने, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं अधिक. इंधन संपत आलं तेव्हा तिने वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. साखळीचं काम लोहाराने केलं आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराने त्यांना चामडं ठोकून दिलं. मोटारींसाठी काहीच उभं राहिलेलं नव्हतं, पण वाटेवर कारागीर होते आणि त्यांनी नवख्या यंत्रापुढे हात टेकले नाहीत. पुढे १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक बाजारात आणलं. त्यांचं दुकान स्टेपनी रस्त्यावर होतं, म्हणून आपण त्या चाकाला अजूनही स्टेपनी म्हणतो. मदतीचा एक मोठा वाटा त्या दिवसापासून गाडीतच येऊन बसला.

संघटित मदत मात्र अगदी वेगळ्या कारणातून जन्मली. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती. पोलीस कुंपणाआड स्टॉपवॉच घेऊन दबा धरून बसत. त्याला वैतागलेल्या मोटारमालकांनी १९०५ मध्ये लंडनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन काढली आणि सायकलस्वार नेमले. पुढे पोलीस बसलेत, एवढं सांगणं हेच त्यांचं काम. १९१० मध्ये कोर्टाने ठरवलं की वेगात असलेल्या चालकाला अशी सूचना देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणं. मग संस्थेने तोडगा काढला. गाडीवर संस्थेचा बिल्ला दिसला की गस्तवाला सलाम ठोकणार. त्याने सलाम केला नाही, तर सभासदाने थांबून कारण विचारायचं. न केलेल्या सलामाबद्दल कोणावर खटला भरणार?

हेच सायकलस्वार हळूहळू अवजारं बाळगू लागले. पहिल्या महायुद्धानंतर ते साइडकार जोडलेल्या मोटारसायकलींवर आले. रस्त्याकडेला संस्थेच्या चौक्या उभ्या राहिल्या. आत टेलिफोन, आणि प्रत्येक सभासदाकडे अशी किल्ली की जिने देशातली कोणतीही चौकी उघडावी. १९४९ मध्ये लंडनमध्ये रेडिओवर चालणारी रात्रीची सेवा सुरू झाली. या घराण्याचा गाभा मला यात दिसतो. येणारा माणूस संस्थेचा नोकर, संस्था सभासदांची, आणि त्याचं पहिलं काम जागेवर दुरुस्ती. अमेरिकेत १९१५ मध्ये सेंट लुईसच्या मोटार क्लबने मोटारसायकलस्वार मदतनीस रस्त्यावर आणले. जर्मनीत एडीएसी या मोटार क्लबची रस्त्यावरची सेवा १९५४ मध्ये सुरू झाली. तिचे पिवळ्या गाड्यांमधले मेकॅनिक 'पिवळे देवदूत' म्हणून ओळखले जातात, आणि त्या संस्थेचे सभासद आज दोन कोटींहून अधिक आहेत. ब्रिटनची संस्था मात्र सभासदांची राहिली नाही. १९९९ मध्ये सेंट्रिका या कंपनीने ती १.१ अब्ज पौंडांना घेतली.

दुसरं घराणं अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटनूगा शहरात सुरू झालं. १९१६ मध्ये अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याच्या मित्राची फोर्ड ओढ्यात पडली. दोर, ठोकळे आणि माणसांची ताकद लावून ती कशीबशी बाहेर निघाली. होम्स घरी गेला तो हे पुन्हा असं करायचं नाही, असं ठरवूनच. त्याने आपल्या जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवली आणि पुढे त्या यारीचं पेटंट घेतलं. बिघाड कुठे आहे हे या यंत्राला कळावं लागत नाही. ते फक्त ओढतं.

आपल्याकडे पहिलं घराणं लवकर आलं. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन मुंबईत १९१९ पासून आहे. पण सामान्य माणसाने रस्त्यावरची मदत पाहिली ती दुसरीकडे. ट्रकबरोबर क्लीनर असायचा. हायवेला झाडाला टायर टांगलेला पंक्चरवाला असायचा. त्याच्याकडे साबणाच्या पाण्याचं घमेलं, टॉमी, धडधडणारा कॉम्प्रेसर. यातले कितीतरी जण केरळातून, उत्तर भारतातून आलेले. पुणे-नगर मार्गावर १९४८ मध्ये पहिली बस सोडणाऱ्या एसटीने तर ही गोष्ट सर्वांत नीट सोडवली. गाडी बंद पडली की डेपोची ब्रेकडाऊन व्हॅन बघेल, तोवर कंडक्टर मागून येणाऱ्या एसटीला हात करून त्याच तिकिटावर प्रवासी बसवून देणार. आधी माणसं, मग गाडी.

आणि खाजगी मोटारीचा चालक स्वतःच निम्मा मेकॅनिक होता. बोरघाटात मे महिन्याच्या दुपारी फियाट चढत नसे. पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची. मग शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, फडकं भिजवून पेट्रोल पंपावर ठेवायचं आणि वाट पाहायची. फडक्यातून वाफ निघायची थांबली की स्टार्टर मारायचा. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासायचे. फॅन बेल्टचा जादा पट्टा डिकीत असायचाच.

हे सगळं संपलं ते प्रदूषणाच्या नियमांमुळे. २००० नंतरच्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट आलं. हवा स्वच्छ व्हायला हवीच होती, या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. पण रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातातलं काम त्याने काढून घेतलं. स्कॅनरशिवाय दोष सापडत नाही, इमोबिलायझर बिघडला तर इंजिन सुरूच होत नाही. विजेवरच्या आणि बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या चाकांवर ओढून नेता येत नाहीत, त्यांना अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड ट्रकच लागतो. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीही नसते, पंक्चरचा डबा असतो. म्हणजे होम्सचं घराणं जिंकलं. आज 'असिस्टन्स' म्हणून जे विकलं जातं ते बहुतांशी फोन उचलणारं केंद्र आणि त्याने पाठवलेला स्थानिक कंत्राटदार.

आता पर्यायांकडे या वंशावळीतून पाहू. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च खाजगी कारसाठी १,५०० रुपयांपर्यंत आधीच धरलेला असतो. बंद पडलेल्या गाडीला तो लागू नाही. ती उणीव 'रोडसाइड असिस्टन्स'चं ॲड-ऑन भरून काढतं. विम्याचे दर २००७ मध्ये खुले झाल्यावर अशा पुरवण्यांना वाट मिळाली. यात टोइंग किती किलोमीटर फुकट आणि वर्षातून किती वेळा, एवढंच सहसा ठळक छापतात. पुढच्या किलोमीटरचा दर आणि फ्लॅटबेड मिळणार का, हे खालच्या बारीक अक्षरांत शोधावं लागतं. गाडीच्या कंपनीचं पॅकेज महाग पडतं, पण स्कॅनर आणि सुटे भाग तिच्याकडे असतात. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांना मी तरी तेच घ्यायला सांगेन. गाडी जुनी असेल, तर शहरातल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याचा नंबर आणि विम्याचं ॲड-ऑन पुरे.

चौथा पर्याय रस्त्याचा मालक. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा नंबर २०१८ पासून आहे. टोलमधूनच गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका यांची सोय केलेली असते. पण त्या क्रेनचं काम रस्ता मोकळा करणं, तुम्हाला घरी पोहोचवणं नव्हे. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत, तिथली मदत वेगळ्या नंबरावर मिळते. मराठी माणूस सर्वाधिक वेगात जातो ते हेच दोन रस्ते. तो नंबर टोलनाक्यावरच फोनमध्ये घालून ठेवावा, कारण गाडी बंद पडेल तिथे इंटरनेट चालेल याची खात्री नाही.

एक गोष्ट तुलनेच्या कुठल्याच तक्त्यात नसते: माणसांचं काय होणार. गाडी फ्लॅटबेडवर चढली की म्हातारे आईवडील आणि झोपलेलं मूल कुठे जाणार? काही पॅकेजमध्ये टॅक्सी किंवा मुक्कामाचा खर्च असतो, बऱ्याच ठिकाणी नसतो. एसटीने जी गोष्ट सर्वांत आधी केली ती इथे शेवटच्या कलमात येते, आणि माझ्या मते दोनशे रुपये जास्त द्यायचे असतील तर त्या कलमासाठी द्यावेत.

आणि मदतीला येणाऱ्याचं काय? चॅटनूगात टोइंगचं संग्रहालय आहे. तिथे एका भिंतीवर, रस्त्याकडेला दुसऱ्याची गाडी उचलताना मेलेल्या क्रेनवाल्यांची नावं कोरली आहेत. अमेरिकेतल्या सर्व ५० राज्यांत आज कायदा आहे की दिवे लावून थांबलेल्या मदतीच्या गाडीजवळून जाताना लेन सोडायची किंवा वेग कमी करायचा. आपल्याकडे रात्री दोन वाजता हायवेवर चाक बदलायला येणारा मुलगा कंत्राटदाराचा असतो, त्या कंत्राटदाराला काम देते दुसरीच कंपनी, आणि पैसे आपण तिसरीला दिलेले असतात. त्याला परावर्तक जॅकेट कोण देतं, त्याचा अपघात विमा कोण काढतं, हे पॅकेज विकणाऱ्याला फोनवर विचारावं. उत्तर द्यायला तो अडखळला, तर येणारा माणूस त्याचा नाही एवढं कळतं.