पाच इंचांचा हिशेब

आमच्या शाखेत मध्यंतरी एक गंभीर पेचप्रसंग उभा राहिला होता. पेनच्या दोरीचा. काउंटरवर गिऱ्हाइकांसाठी बांधलेल्या पेनची दोरी किती लांब असावी, यावर शाखेत सरळ दोन तट पडले. लांब ठेवावी, तर पेन जमिनीवर लोळतं आणि कुणाच्या तरी चपलेखाली येतं. आखूड ठेवावी, तर पेन्शन घ्यायला येणाऱ्या फौजी आजोबांना सही करण्यासाठी काउंटरला साष्टांग नमस्कार घालावा लागतो. शेवटी साहेबांनी मधली लांबी मुक्रर केली. उंच गिऱ्हाईक नाराज, बुटकं गिऱ्हाईक नाराज. म्हणजे निर्णय निःपक्षपाती झाला म्हणायचा!

त्या दोरीकडे बघता बघता मला एक रायफल आठवली. आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाचा आणि रायफलीचा संबंध काय? आहे. कॉलेजात मी एन.सी.सी.त होतो. देशप्रेमापोटी गेलो, असं मी मुलांना सांगतो. परेडनंतर मिळणाऱ्या सामोशांचा उल्लेख टाळतो. तिथे कवायतीला थ्री-नॉट-थ्री दिली जाई. वजन चार किलो, लांबी साडेचव्वेचाळीस इंच, आणि माझी स्वतःची उंची पाच फूट दोन इंच. 'बाजू शस्त्र' केलं की मी रायफल धरलीय की रायफलीनं मला, हे लांबून कळत नसे. एकदा धीर करून हवालदारसाहेबांना म्हटलं, "सर, रायफल फार लांब आहे." ते शांतपणे म्हणाले, "कॅडेट, रायफल लंबी नहीं है. तुम छोटे हो."

हा अपमान मी वीस वर्षं उराशी बाळगला. मग एका पुस्तकात त्या रायफलीचं पूर्ण नाव वाचलं आणि थक्क झालो. 'शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड'. शॉर्ट! जी माझ्या छातीपर्यंत येत होती, ती म्हणे आखूड रायफल! मग लांब केवढी होती?

तर ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सैन्यात सोयीसाठी दोन मापं होती. पायदळाच्या रायफलीची नळी ३०.२ इंच आणि घोडदळाच्या कार्बाइनची सुमारे २१ इंच. पायदळानं लांबवर मारा करायचा, घोडेस्वारानं मांडीशी अडकणारं लांबडं लोढणं बाळगायचं नाही, असा साधा विचार. कागदावर हिशेब चोख होता.

१८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं आणि हिशेबात चूक निघाली. बोअर हे शेतकरी. घोड्यावरून यायचे, उतरून दगडाआड पडायचे आणि लांबून नेम धरायचे. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती जर्मन माउझर, नळी २९ इंच. म्हणजे घोड्यावर बसणाऱ्याला आखूडच नळी लागते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! कार्बाइनवाल्या इंग्रज स्वारांचा त्यांच्यापुढे टिकाव लागेना. शेवटी युद्ध चालू असतानाच घोडदळाला पायदळाच्या लांब रायफली द्याव्या लागल्या. कार्यालयात इंचांचा हिशेब चुकला की पावती मैदानावरच्या माणसाच्या नावानं फाटते.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कंटाळू नका. नळी लांब असली की दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त वाव मिळतो आणि वेग वाढतो. पण ही वाढ चक्रवाढ व्याजाची नव्हे. पहिल्या इंचांत भरघोस, पुढे पुढे बचत खात्याच्या दरानं. पॉइंट टू-टूच्या चिमुकल्या काडतुसाची दारू तर सोळा इंचांच्या आसपास आपलं काम उरकते. पुढची नळी गोळीला काही देत नाही. लांब नळीचा दुसरा फायदा नेमाचा. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर जास्त, त्यामुळे हात किंचित हलला तरी डोळ्याला चुगली कळते. मात्र लांब म्हणजे अचूक, हा गैरसमज आहे. नळी आखूड आणि जाड असेल तर ती उलट जास्त ताठ राहते. तिचा तोटा वेगळाच. आवाज मोठा, तोंडाशी जाळ मोठा. म्हणून मैदानावर दूरच्या चांदमारीला लांब नळी, झाडीत आणि घोड्यावर आखूड. आणि सगळ्यांना एकच हवी असेल तर? तर समिती नेमावी.

इंग्रजांनीही शेवटी मधलं माप धरलं. १९०२च्या अखेरीस नवी रायफल मंजूर झाली. पायदळ, घोडदळ, तोफखाना, सर्वांना एकच. नळी २५.२ इंच. म्हणजे लांब रायफलीतून बरोबर पाच इंच वजा. अमेरिकेनंही त्याच सुमारास ३० आणि २२ इंचांच्या दोन नळ्या मोडीत काढून १९०३च्या स्प्रिंगफिल्डला २४ इंचांची एकच ठेवली.

व्हायचं तेच झालं. चांदमारीचे शौकीन म्हणाले, ही फार आखूड. घोडदळ म्हणालं, ही फार लांब. पण खरी गंमत संगिनीची. रायफल आखूड झाली, म्हणजे शत्रूच्या लांब रायफलीवरची संगीन आधी पोचणार, अशी धास्ती पडली. तेव्हा २६ जानेवारी १९०७ रोजी सुधारलेली 'मार्क तीन' रायफल आली, ती नवी संगीन घेऊनच. जुन्या संगिनीचं पातं १२ इंच होतं, नवीचं १७. म्हणजे नळीखाती पाच इंच नावे, संगीनखाती पाच इंच जमा! बी.कॉम.ला मला अकाउंट्समध्ये बेचाळीस मार्क होते, पण इतका सुबक ताळेबंद मी जन्मात जुळवला नाही.

इतकं होऊनही तज्ज्ञांचं समाधान होईना. २६ इंच नळीची वेगळी रायफल बनवायला घेतली, तेवढ्यात १९१४चं महायुद्ध आलं आणि जी हातात होती तीच घेऊन सैन्य गेलं. तिथे कळलं की इंचांपेक्षा बोल्ट किती चटकन सरकतो आणि दहा गोळ्या किती लवकर भरता येतात, हे महत्त्वाचं. तयार शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढत असे. कुणालाच न आवडलेलं माप सगळ्यांच्या उपयोगी पडलं.

यावरून शहाणं व्हावं की नाही? १९४४ साली जंगलातल्या लढाईसाठी पुन्हा कात्री चालवली. 'जंगल कार्बाइन'ची नळी जेमतेम १९ इंच. खांद्याला धक्का असा बसे की दस्त्याला रबर लावलं, आणि जाळ झाकायला तोंडाशी रॉकेलच्या नरसाळ्यासारखी टोपी. वर, नेम आज जिथे बसवला तिथे उद्या राहत नाही, अशी तक्रार. १९४७मध्ये तिचं उत्पादन थांबलं. २५.२ इंचांची जुनी बाई मात्र बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात पुढेही तयार होत राहिली.

आमचे फौजी आजोबा १९६१ साली भरती झालेले. पेन्शनच्या दिवशी त्यांना मुद्दाम विचारलं, "आजोबा, थ्री-नॉट-थ्रीची नळी लांब होती की आखूड?"

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, बासष्टला वर बर्फात होतो. बोटं वाकत नव्हती. बोल्ट मागं येतोय का एवढंच बघत होतो. नळी कोण मोजतो?"

मी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या पासबुकात निमूटपणे नोंदी करून दिल्या.

उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २६ जानेवारी २०२०च्या संचलनात या रायफलीला निरोप दिला. 'मार्क तीन'ला त्या दिवशी बरोबर ११३ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांची मुदत ठेव आमच्याही बँकेत नाही.

राहता राहिली दोरी. मधल्या लांबीच्या दोरीनं पेन स्लिपेपर्यंत पोचेना. आमच्या शिपायानं कुणाला न विचारता पेनाला एक फूटपट्टी बांधून टाकली. पुढच्या महिन्यात आजोबा आले, ताठ उभे राहून त्यांनी पट्टी धरली, सही ठोकली, आणि पेन खाली ठेवताना म्हणाले,

"संगीन चढवलीत वाटतं?"