दोन शतावऱ्या

आमच्या लोणखेड्यात ‘शतावरी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या झाडांसाठी वापरला जातो. एक सातपुड्याच्या उतारावरची काटेरी वेल, जिच्या मुळ्या वैद्याला लागतात. दुसरे अंगणातल्या कुंडीत लोंबणारे हिरवेगार झुडूप, ज्याची फांदी गुलाबाच्या गुच्छात खोचतात. रोपवाटिकेत दुसऱ्या झाडालाही बिनदिक्कत शतावरी म्हणतात. दोन्ही एकाच प्रजातीकुळातली, म्हणजे ‘ॲस्परॅगस’. तेव्हा हे नाव अगदीच निराधार नाही. पण दोघींचा इतिहास वेगळा आहे, आणि तो विसरला की नुकसान होते ते रानातल्या शतावरीचे.

आधी घरची शतावरी. ‘अमरकोशा’च्या वनौषधिवर्गात तिची शतमूली, बहुसुता, अभीरु, वरी अशी नावे आहेत. त्यांपैकी पहिली दोन तिच्या जमिनीखालच्या रूपावरून पडलेली दिसतात. खणले की एकाच गड्ड्याला बोटभर जाडीच्या पांढुरक्या मुळ्यांचा झुबका लागलेला असतो; शंभर मुळे काय किंवा पुष्कळ लेकरे काय, कल्पना एकच. आपल्या लोकांनी ही वनस्पती मुळांवरून ओळखली. युरोपीय वनस्पतिशास्त्राने ती फुलांवरून ओळखली. १७९९ मध्ये विल्डेनोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने तिला ‘ॲस्परॅगस रेसिमोसस’ म्हटले. मंजिरीत येणाऱ्या लहान, पांढऱ्या, सुवासिक फुलांकडे त्या नावाचा रोख आहे.

आमच्या भागातली वनस्पती जुन्या ग्रंथांत शोधायची तर ‘नंदुरबार’ हे नाव उपयोगी पडत नाही. १९०६ पर्यंत हा सगळा मुलूख अखंड खानदेश होता, मग पश्चिम खानदेश, पुढे धुळे जिल्हा, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. म्हणून डालझेल आणि गिब्सन यांचा १८६१ चा ‘बॉम्बे फ्लोरा’ किंवा थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला मुंबई इलाख्याचा ग्रंथ चाळताना ‘खानदेश’ हा शब्द शोधावा लागतो. डॉ. डी. ए. पाटील यांचा २००३ चा ग्रंथ मात्र धुळे आणि नंदुरबार या दोन्ही जिल्ह्यांच्या नावाने आहे.

आता कुंडीतली शतावरी. तिचे मूळ घर दक्षिण आफ्रिका. बारीक, पिसासारख्या पसरट फांद्यांची जी जात लग्नाच्या गुच्छात आणि कोटाच्या फुलामागे दिसते, तिला क्यू उद्यानाच्या जॉन गिल्बर्ट बेकर यांनी १८७५ मध्ये ‘प्लुमोसस’ म्हटले. आज तिचे शास्त्रीय नाव ‘ॲस्परॅगस सेटेशियस’ आहे. लोंबत्या फांद्यांच्या दुसऱ्या जातीला आपले माळी ‘स्प्रेंगेरी’ म्हणतात. इटलीत नेपल्सला रोपांचा व्यवसाय करणाऱ्या कार्ल स्प्रेंगर या जर्मन माणसाचे हे नाव. सेंट पीटर्सबर्गच्या रेगेल यांनी १८९० मध्ये ते या झाडाला दिले. पुढे शास्त्रज्ञांनी ही जात ‘डेन्सिफ्लोरस’मध्ये घातली, आणि अलीकडे अनेक जण तिला ‘इथिओपिकस’ मानतात. शास्त्रीय नाव दोनदा फिरले, तरी रोपवाटिकेतले नाव जागचे हलले नाही. १८६१ च्या ‘बॉम्बे फ्लोरा’त प्लुमोसस किंवा स्प्रेंगेरी ही नावे असणे शक्यच नव्हते, ती जन्मालाच आली नव्हती.

इथे एक वनस्पतिशास्त्रीय गंमत सांगायला हवी. प्लुमोससला सर्रास ‘फर्न’ म्हणतात, पण तो नेचा नव्हे. नेच्याला फुले येत नाहीत. याला येतात, आणि नंतर फळेही धरतात. दुसरे असे की ज्यांना आपण पाने म्हणतो ती हिरवी सुयांसारखी अंगे पाने नसून पानांचे काम करणाऱ्या बारीक फांद्या आहेत. खरी पाने खवल्यांएवढी उरलेली असतात आणि जून फांदीवर त्यांचेच काटे होतात. आपल्या रानातल्या शतावरीचीही हीच रचना आहे. पाणी वाचवण्याची ही जुनी युक्ती सातपुड्याच्या आणि आफ्रिकेच्या कोरड्या ऋतूंत सारखीच कामाची.

लागवडीतही नात्याची खूण पटते. स्प्रेंगेरीची मुळेही गाठाळ असतात, पण ती पाण्याची साठवण आहे, औषध नव्हे. म्हणून चार दिवस पाणी चुकले तरी झाड तग धरते. आमच्या काळ्या जमिनीत मात्र पाणी तुंबले की हीच मुळे सडतात. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे मोकळे मिश्रण, खाली भोक असलेली कुंडी, आणि लोणखेड्याच्या उन्हाळ्यात कडुनिंबाची सावली किंवा पूर्वेची भिंत, एवढे सांभाळले की पुरे. दुपारचे कडक ऊन लागले की झाड पिवळे पडून सुया गळतात. पावसाळ्याच्या तोंडाला गड्डा धारदार सुरीने कापून दोन-तीन रोपे करता येतात. पिकलेल्या लाल फळांतले काळे बी रात्रभर भिजवून पेरले तरी उगवते, पण वाट पाहावी लागते.

हे बी पक्षी खातात आणि दूरवर टाकतात. ऑस्ट्रेलियात बागेतून निसटलेल्या अशा आफ्रिकी ॲस्परॅगसने रानाचा तळ व्यापला. २०१२ मध्ये त्यांतल्या अनेक जातींना तिथे राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत घातले गेले. म्हणून नदीकाठी किंवा डोंगरपायथ्याला राहणाऱ्याने लाल फळे धरण्याआधीच फांद्या छाटाव्यात, असे मी शेजाऱ्यांना सांगत असतो.

दोघींच्या नशिबातला खरा फरक इथे आहे. गुच्छासाठी फांदी कापली तरी गड्डा कुंडीत राहतो आणि नवे कोंब फुटतात. शतावरीचे मोल मुळात आहे. ते काढायचे तर झाडच उपटावे लागते. शहाणा खणणारा मुळ्या घेऊन गड्डा पुन्हा मातीत लावतो, घाईतला लावत नाही. म्हणून औषधी शतावरी शेतात लावणे हाच तिच्यासाठी टिकाऊ मार्ग. केंद्राने २००० मध्ये औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले तेव्हापासून या लागवडीला सरकारी पाठबळही आहे.

अशा वेळी नावाचा घोटाळा निरुपद्रवी राहत नाही. ‘शतावरी’ म्हणून कुंडीतली स्प्रेंगेरी घरी आणणाऱ्याला वाटते, औषध दाराशी आहे. तिच्या मुळ्या कुणी काढा करायला वापरल्या तर त्यात शतावरीचा गुण नाही, आणि तिची लाल फळे पोटाला बाधतात. उलट, शतावरी घरोघरी आहेच असे वाटले की रानातली शतावरी विरळ होत चालली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. माझे म्हणणे एवढेच की शोभेच्या झाडाला त्याचे ‘स्प्रेंगेरी’ हे नाव मोकळेपणाने द्यावे. ते मराठीत रुळलेही आहे. शतावरी हा शब्द सातपुड्यातल्या वेलीसाठी राखून ठेवावा. तिच्या शंभर मुळांवरून आपल्या पूर्वजांनी तिला ओळखले, आणि आज ती मुळेच जपायची आहेत.