हाताशी असलेलं पुस्तक : करणग्रंथापासून दाते पंचांगापर्यंत

हँडबुक या शब्दाला मराठीत आपण हस्तपुस्तिका म्हणतो. कोशात बरा दिसतो, तोंडात मात्र बसत नाही. पण ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. आपल्या ज्योतिषात तिला एक स्वतंत्र नावच होतं : करण.

सिद्धांतग्रंथ गणित सुरू करतो कल्पाच्या आरंभापासून, म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वीपासून. एवढे आकडे रोज कोण मांडणार? म्हणून करणग्रंथाचा कर्ता जवळचा एखादा शक धरतो आणि तिथून पुढे मोजतो. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात त्यांनी ज्या-चापाचं सगळं गणित टाळलं आणि 11 वर्षांचं, 4016 दिवसांचं चक्र घेतलं. गावातल्या जोश्याला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आला की पुरे. पुढची काही शतकं महाराष्ट्रात पंचांगं बहुतांशी यावरूनच झाली. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण सांगतो, कठीण गोष्ट चुकू न देता सोपी करणं हे सिद्धांत रचण्याइतकंच मोठं काम आहे. त्याचं श्रेय मात्र कमी मिळतं.

आता आपल्या सोलापूरकडे या. 1916 च्या सुमारास इथे लक्ष्मणशास्त्री दाते यांनी पंचांग सुरू केलं, आणि आज चादरीइतकंच दाते पंचांगही सोलापूरची ओळख आहे. छापील पंचांगाने जोश्याकडची आकडेमोड घराघरातल्या खुंटीवर आणली. आमच्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत, पण चतुर्थी कधी, ग्रहण केव्हा लागतं, अधिक महिना कोणता, यासाठी तिला कुणाकडे जावं लागलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग पंचांगा-पंचांगांत फरक का? आकाश तर एकच आहे! खरं आहे. पण राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा, हा मुळात माणसांचा निर्णय. टिळक पंचांग हा बिंदू वेगळा धरतं, त्यामुळे सूर्याची संक्रांत सुमारे चार दिवस आधी येते आणि कधीकधी अधिक मासच बदलतो. 2023 मध्ये टिळक पंचांग मानणाऱ्यांकडे गणपती 20 ऑगस्टला बसले, बाकीच्यांकडे 19 सप्टेंबरला. गणित कुणाचंच चुकलेलं नव्हतं. संदर्भग्रंथ उत्तर देतो ते काहीतरी गृहीत धरून, आणि ते गृहीत आपण सहसा वाचतच नाही.

हे आम्हांला कळलं ते घरातच. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. वडिलांच्या श्राद्धाचा दिवस आम्ही दरवर्षी पंचांगात बघून त्याला कळवायचो आणि तोही त्याच तारखेला करायचा. एके वर्षी त्याच्या मुलीने विचारलं, “काका, तिथी म्हणजे नक्की काय?” आम्ही ऐटीत सांगायला बसलो. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, तिला साधारण 19 ते 26 तास लागतात. तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच. श्राद्धाला मात्र अपराह्णाची तिथी घ्यायची, म्हणजे दिवसाच्या पाच भागांपैकी चौथ्या भागातली. आणि अपराह्ण ज्याचा त्याचा!

पोरीने कागद ओढला. समजा, सोलापुरात तिथी सोमवारी संध्याकाळी पाचला लागली आणि मंगळवारी पाचला संपली, तर आपलं श्राद्ध मंगळवारी. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ साडेदहा तास मागे. तिथे तीच तिथी सोमवारी सकाळी साडेसहाला लागते आणि मंगळवारी पहाटे साडेसहाला संपते. म्हणजे त्यांचं श्राद्ध सोमवारी. “मग बाबा इतकी वर्षं कधीकधी चुकीच्या दिवशी करत होते?”

खरं तर पंचांगात गणित कोणत्या गावचं, हे छापलेलं असतं. आम्ही पीएच.डी. झालेले, पण ती ओळ कधी वाचली नव्हती.

रात्री भावाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “दादा, आईला सांगू नकोस.” आम्ही सांगितलं नाही. त्या वर्षापासून तो तिकडच्या वेळेचं पंचांग बघतो, आणि दिवस कळवणारा फोन आता तिकडून येतो.