पांगलेला वादकसंच आणि दूरस्थ ध्वनिमुद्रण : झाडीपट्टीच्या नाट्यसंगीताच्या संदर्भात

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी हे गाव झाडीपट्टीत मोडते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या या भूभागात दंडार, खडी गंमत या लोककलांच्या सोबतीने एक स्वतंत्र रंगभूमी विकसित झाली. दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर चालणारी नाटके हे तिचे वैशिष्ट्य होय. वडसा (देसाईगंज) हे नाटक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र. येथील वादक प्रयोगाच्या वेळी समक्ष बसून साथ करतात. ही विद्या प्रामुख्याने श्रवणाने आलेली आहे. वादक पांगले की संच मोडतो आणि त्याबरोबर त्याच्या चालीही जातात. असा जुना संच पुन्हा जुळवून, ज्याने त्याने आपल्या गावी बसून ध्वनिमुद्रण करता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही.

वादकांना स्थळाने वेगळे करण्याआधी ध्वनिमुद्रणाने त्यांना काळाने वेगळे केले. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'लव्हर' या ध्वनिमुद्रिकेत स्वतःच्याच वादनाचे अनेक थर एकावर एक चढविले. १९५७ मध्ये त्यांना अँपेक्स कंपनीचे आठ मार्गिकांचे यंत्र मिळाले. अशा यंत्रांमुळे सर्वांनी एका वेळी वाजविण्याची गरज संपली. २००३ साली आलेला 'द पोस्टल सर्व्हिस' या संचाचा 'गिव्ह अप' हा संग्रह तर दोन कलावंतांनी ध्वनिफिती टपालाने एकमेकांना पाठवून सिद्ध केला. संचाचे नावही त्यावरूनच पडले. इंटरनेटने टपालाची जागा घेतली, पद्धत मात्र तीच राहिली. २०१० मध्ये एरिक व्हिटेकर यांनी १२ देशांतील १८५ गायकांचे आवाज याच रीतीने एकत्र केले.

महाराष्ट्रात जुना संच पुन्हा जुळल्याचे ठळक उदाहरण मुंबईच्या 'इंडस क्रीड'चे आहे. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' या नावाने सुरू झालेला हा संच १९९७ मध्ये विसर्जित झाला, २०१० मध्ये काही नव्या वादकांसह पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये त्याचा 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह आला. त्यांचे पुनर्मीलन मात्र प्रत्यक्ष होते. टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, 'जयतु जयतु भारतम्' या गीतासाठी दोनशेहून अधिक गायकांनी घरोघरी बसून आवाज दिला. तेथे चाल व लय आधीच निश्चित होती.

झाडीपट्टीची अडचण नेमकी येथे सुरू होते. हवेतून ध्वनीला एक मीटर जाण्यास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे दहा मीटर अंतरावर बसलेल्या दोघांतही ३० मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि साधारण तेथूनच लय ओढल्यासारखी वाटू लागते. प्रकाशतंतूतून तेवढ्या वेळात संकेत हजारो किलोमीटर जातो. तेव्हा केशोरी ते मुंबई हे अंतर दोषी नाही. ध्वनीचे अंकीय रूपांतर, तात्पुरती साठवण आणि गावापर्यंतच्या जोडणीचा शेवटचा टप्पा येथे वेळ जातो. एकाच क्षणी वाजविणे त्यामुळे बेभरवशाचे ठरते आणि पाळीपाळीने मुद्रण करण्याचा मार्ग उरतो.

पाळी आली की पहिला कोण, हे ठरवावे लागते. रंगमंचावर असा पहिला कोणी नसतो. नट पद लांबवितो, तबलजी त्याच्याकडे पाहून ठेका धरून ठेवतो, प्रेक्षकांची दाद आली की दोघेही पुन्हा मुखड्याकडे वळतात. गायकाने लयमापकाबरोबर आधी गायिले, तर मागून वाजविणारा तबलजी त्याच्या मागे जाऊ शकतो, त्याला पुढे रेटू शकत नाही. तबला आधी मुद्रित केला, तर पद किती लांबेल हे तबलजीनेच आधी ठरविलेले असते. चाली जपण्यापुरती ही पद्धत पुरेशी आहे व म्हणून ती वापरणे इष्टच; परंतु साथीची ही देवाणघेवाण जपावयाची असेल, तर निदान गायक आणि तबलजी या दोघांना तरी एका खोलीत बसविणे भाग आहे. बाकीचे वादक मागाहून, आपापल्या गावाहून, त्यांच्यावर आपले थर चढवू शकतात.