कीटकांच्या हृत्स्पंदनावरील चेतापारेषकांचा परिणाम

कीटकांच्या हृदयाचा ठोका हृदयाच्या स्नायूतच उत्पन्न होतो. मात्र त्या ठोक्याचा वेग, जोर आणि काही कीटकांत त्याची दिशाही चेतापारेषकांमुळे बदलते. चेतापारेषके म्हणजेच न्यूरोट्रान्समीटर ही चेतापेशींनी स्रवलेली आणि लक्ष्यपेशींपर्यंत संदेश पोहोचवणारी रासायनिक द्रव्ये होत. सेरोटोनिन, ऑक्टोपामीन, डोपामीन, ॲसिटिलकोलीन व ग्लुटामेट यांचा, तसेच प्रॉक्टोलिनसारख्या चेतापेप्टाइडांचा कीटकांच्या हृदयावर होणारा परिणाम प्रयोगांनी दिसून आला आहे. एकाच द्रव्याचा परिणाम सर्व कीटकांत किंवा एकाच कीटकाच्या सर्व जीवनावस्थांत सारखा असतोच असे नाही. तो हृदयाच्या पेशींवर कोणते ग्राही आहेत आणि हृदयापर्यंत चेतातंतू पोहोचलेले आहेत की नाहीत, यांवर अवलंबून असतो.

## हृदयाची रचना

कीटकांचे रक्ताभिसरण खुल्या प्रकारचे असते. रक्तलसीका हा द्रव बंद रक्तवाहिन्यांतून न वाहता देहगुहेत इंद्रियांभोवती मोकळा फिरतो. त्याला गती देणारा मुख्य अवयव म्हणजे पाठीच्या बाजूस, शरीराच्या मध्यरेषेवर असलेली नळीसारखी पृष्ठवाहिनी. तिच्या उदरातील मागच्या भागास हृदय आणि वक्षातून डोक्याकडे जाणाऱ्या पुढच्या भागास महारोहिणी म्हणतात. हृदयाच्या दोन्ही बाजूंस झडपा असलेली रंध्रे असतात. हृदय शिथिल झाले की या रंध्रांतून रक्तलसीका आत शिरते आणि आकुंचन पावले की ती पुढे ढकलली जाते. हृदयाला दोन्ही बाजूंनी पंखाच्या आकाराचे स्नायू आधार देतात. झुरळाचे हृदय १३ कप्प्यांचे असते.

कीटकांत ऑक्सिजन थेट पेशींपर्यंत पोहोचवण्याचे काम श्वासनलिकांचे जाळे करते. त्यामुळे ऑक्सिजनाचा पुरवठा हे कीटकाच्या हृदयाचे मुख्य काम नाही. अन्नघटक, संप्रेरके, टाकाऊ द्रव्ये आणि रोगप्रतिकारक पेशी यांचे वहन करणे, तसेच शरीराच्या एखाद्या भागात द्रवाचा दाब वाढवणे ही त्याची प्रमुख कामे आहेत. कात टाकताना, पंख उलगडताना, अन्न घेतल्यावर किंवा उडताना ही गरज एकाएकी वाढते. हृदयाची गती अशा प्रसंगी बदलण्याचे काम चेतापारेषके करतात.

## ठोक्याचा उगम

प्राण्यांच्या हृदयाचे ठोक्याच्या उगमानुसार दोन प्रकार केले जातात. ज्या हृदयाचा ठोका स्नायूतच सुरू होतो ते स्नायुजन्य आणि ज्याचा ठोका चेतापेशींच्या आवेगांमुळे सुरू होतो ते चेताजन्य हृदय होय. ए. जे. कार्लसन यांनी १९०४ मध्ये लिम्युलस या नालाच्या आकाराच्या सागरी प्राण्याचे हृदय चेताजन्य असल्याचे दाखवून दिले. त्याच्या हृदयावरील चेतागुच्छिका काढून टाकली की हृदय थांबते. कीटकही संधिपाद संघातीलच असल्याने त्यांचे हृदयही चेताजन्य असावे काय, हा प्रश्न त्यानंतर बराच काळ चर्चेत राहिला.

झुरळाच्या हृदयाच्या दोन्ही बाजूंनी चेतारज्जू जातात व त्यांत चेतापेशीही असतात. तरीही चेतासंस्थेपासून वेगळे केलेले झुरळाचे हृदय योग्य लवणद्रावणात धडधडत राहते. फळमाशीच्या अळीत तर हृदयाच्या मागील भागाला चेतातंतू पोहोचतच नाहीत, तरी तेथे ठोके नियमित पडतात. चेतातंतूंतील आवेग थांबवणारे टेट्रोडोटॉक्सिन हे विष दिले तरी फळमाशीचे हृदय थांबत नाही. यावरून कीटकांचे हृदय स्नायुजन्य असल्याचे आज सामान्यतः मानले जाते. चेतापारेषके ठोका निर्माण करत नाहीत, तर आधीच चालू असलेल्या ठोक्याचे नियमन करतात.

## प्रमुख चेतापारेषके

### सेरोटोनिन

झुरळ, फळमाशी, डास व ढेकूण अशा परस्परांपासून दूरच्या गटांतील कीटकांत सेरोटोनिनमुळे हृदयाचा वेग वाढतो. फळमाशीच्या अळीत हा परिणाम मुख्यतः सेरोटोनिनच्या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींमार्फत होतो.

सेरोटोनिनच्या कार्याचे स्पष्ट उदाहरण रोडनियस प्रोलिक्सस या रक्तशोषक कीटकात आढळते. दक्षिण व मध्य अमेरिकेत आढळणारा हा ढेकणाच्या गणातील कीटक शागास रोगाचा वाहक आहे. तो एका वेळी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट रक्त पितो. रक्त पिण्यास सुरुवात होताच काही मिनिटांत त्याच्या रक्तलसीकेतील सेरोटोनिनचे प्रमाण वाढते. त्यामुळे उदराचे कवच ताणले जाण्याइतके लवचिक होते, उत्सर्जक नलिका जादा पाणी बाहेर टाकू लागतात आणि पृष्ठवाहिनीचे ठोकेही जलद होतात. येथे सेरोटोनिन चेतापेशींतून स्रवत असले तरी रक्तलसीकेतून दूरवर जाऊन काम करते. म्हणून त्यास चेतासंप्रेरक असेही म्हणतात.

### ऑक्टोपामीन आणि डोपामीन

ऑक्टोपामीन हे द्रव्य व्हित्तोरियो एर्स्पामेर या इटालियन शास्त्रज्ञांना १९४८ मध्ये ऑक्टोपसच्या लाळग्रंथींत आढळले व त्यावरून त्यास हे नाव मिळाले. पृष्ठवंशी प्राण्यांत भीती, झुंज व पळ यांसाठी शरीराला सज्ज करण्याचे जे काम नॉरॲड्रेनॅलीन करते, तेच काम कीटकांत बव्हंशी ऑक्टोपामीन करते. दोन्ही द्रव्यांच्या रेणूंची रचनाही जवळची आहे. झुरळ, फळमाशी इत्यादी कीटकांत ऑक्टोपामीनमुळे हृदयाचा वेग वाढतो. फळमाशीच्या अळीत डोपामीनचाही परिणाम वेग वाढवणारा आहे.

### ॲसिटिलकोलीन

मनुष्याच्या हृदयावर प्राणेशा चेतेतून स्रवणाऱ्या ॲसिटिलकोलीनचा परिणाम वेग मंदावणारा असतो. कीटकांच्या बाबतीत असा एकच नियम सांगता येत नाही. झुरळाच्या वेगळ्या केलेल्या हृदयावर ॲसिटिलकोलीन टाकले असता वेग वाढतो. फळमाशीवरील काही प्रयोगांत वेग वाढल्याचे, तर काहींत कमी झाल्याचे नोंदवले गेले आहे. जीवनावस्था, द्रव्याची मात्रा, हृदय शरीरात आहे की उघडे केलेले आहे आणि त्याभोवतीचे द्रावण कोणते आहे, यांनुसार निष्कर्ष बदलतात.

### ग्लुटामेट

कीटकांच्या हातापायांच्या स्नायूंना आकुंचनाचा संदेश देणारे मुख्य चेतापारेषक ग्लुटामेट आहे. प्रौढ फळमाशीच्या हृदयाला ग्लुटामेट स्रवणारे चेतातंतू पोहोचतात आणि त्यांचा संबंध ठोक्याच्या दिशेशी आहे. हिवतापाचा प्रसार करणाऱ्या ॲनोफिलिस गॅम्बिये या आफ्रिकेतील डासात सेरोटोनिन व ग्लुटामेट ही दोन्ही द्रव्ये हृदयाचा वेग वाढवतात. या डासाच्या हृदयाचे विश्रांतीच्या काळातील ठोके मिनिटाला सुमारे ८० असतात.

## चेतापेप्टाइडे

काही ॲमिनो आम्लांच्या साखळीने बनलेल्या चेतापेप्टाइडांचा परिणाम अत्यल्प मात्रेतही दिसून येतो.

* प्रॉक्टोलिन : रचना निश्चित झालेले हे कीटकांतील पहिले चेतापेप्टाइड होय. स्टॅरॅट व ब्राउन यांनी १९७५ मध्ये ते अमेरिकी झुरळापासून वेगळे केले. त्यासाठी सुमारे १२५ किलोग्रॅम झुरळे वापरावी लागली आणि हाती आलेले शुद्ध द्रव्य एका ग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी होते. केवळ पाच ॲमिनो आम्लांचे हे पेप्टाइड झुरळाच्या हृदयाची गती वाढवते.
* कवचधारी हृत्प्रेरक पेप्टाइड : नऊ ॲमिनो आम्लांचे हे पेप्टाइड १९८७ मध्ये किनाऱ्यावरील एका खेकड्यात सापडले व पुढे कीटकांतही आढळले. अनेक कीटकांत ते हृदयाची गती वाढवते.
* मायोसप्रेसिन : या गटातील पहिले पेप्टाइड झुरळाच्या एका जातीत सापडले. फळमाशीतील मायोसप्रेसिन हृदयाचा वेग लक्षणीयरीत्या कमी करते.
* ॲलॅटोस्टॅटिन : या गटातील काही पेप्टाइडे जर्मन झुरळाच्या हृदयाची गती मंद करतात.

मँड्युका सेक्स्टा या मोठ्या पतंगावर ट्युब्लिट्झ व ट्रुमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात महत्त्वाचे मानले जातात. कोशातून बाहेर आलेल्या पतंगाचे पंख सुरुवातीस चुरगळलेले व मऊ असतात. ते उलगडण्यासाठी त्यांत रक्तलसीका दाबाने भरावी लागते आणि कवच कडक होण्यापूर्वी हे काम पूर्ण व्हावे लागते. याच वेळी पतंगाच्या चेतासंस्थेतून हृदयाची गती वाढवणारी पेप्टाइडे रक्तलसीकेत सोडली जातात व ठोके जलद होतात. प्रयोगशाळेत वेगळ्या केलेल्या हृदयावर दिसणारा परिणाम कीटकाच्या जीवनातील एका नेमक्या घटनेशी जोडणे या प्रयोगांमुळे शक्य झाले.

## जीवनावस्था आणि ठोक्याची दिशा

फळमाशीच्या अळीचे हृदय रक्तलसीका मागून पुढे, म्हणजे डोक्याच्या दिशेनेच ढकलते. कोशावस्थेत हृदयाची पुनर्रचना होते आणि त्या दरम्यान ठोके काही काळ बंद पडतात. प्रौढ माशीत मात्र ठोक्याची दिशा आलटून पालटून बदलते. हृदय काही वेळ डोक्याकडे, तर काही वेळ उदराच्या टोकाकडे रक्तलसीका ढकलते. पतंग, फुलपाखरे व डास यांतही असे दिशापरिवर्तन दिसते.

दुल्चिस व लेव्हिन यांनी २००३ ते २००५ या काळात केलेल्या संशोधनानुसार प्रौढ फळमाशीत या बदलाचे नियंत्रण चेतातंतूंकडे असते. ग्लुटामेट स्रवणाऱ्या चेतातंतूंमुळे मागच्या दिशेने जाणारे ठोके सुरू होतात, तर डोक्याकडे जाणाऱ्या ठोक्यांसाठी कवचधारी हृत्प्रेरक पेप्टाइड स्रवणाऱ्या चेतापेशी आवश्यक असतात. अळीच्या हृदयाच्या मागील भागाला चेतातंतू नसल्याने तेथे चेतापारेषके रक्तलसीकेतून येऊन थेट स्नायूवर काम करतात. अळीवर मिळालेला निष्कर्ष प्रौढ माशीला जसाच्या तसा लागू न पडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

## क्रियेची पद्धत

फळमाशीच्या हृदयाचा ठोका मुख्यतः पेशीपटलातून होणाऱ्या कॅल्शियम व पोटॅशियम आयनांच्या ये-जा करण्यावर अवलंबून असतो. कॅल्शियम आत शिरले की स्नायू आकुंचन पावतो आणि पोटॅशियम बाहेर पडले की पेशी पूर्वस्थितीत येते. चेतापारेषकाचा रेणू पेशीपटलावरील ग्राहीला जोडला गेल्यावर हे चक्र जलद किंवा मंद होते.

ग्राही दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात ग्राही हाच आयनांचा मार्ग असतो व तो लगेच उघडतो. दुसऱ्या प्रकारात ग्राही पेशीच्या आत चक्रीय एएमपीसारखे दुय्यम संदेशवाहक रेणू वाढवतो किंवा घटवतो आणि त्यांच्यामार्फत आयनांच्या मार्गांवर परिणाम घडतो. सेरोटोनिन, ऑक्टोपामीन व डोपामीन यांचे बहुतेक ग्राही दुसऱ्या प्रकारचे आहेत. एकाच चेतापारेषकाचे अनेक ग्राही असू शकतात आणि त्यांपैकी काही पेशीला उत्तेजित, तर काही शांत करतात. म्हणून परिणामाची दिशा केवळ द्रव्याच्या नावावरून सांगता येत नाही.

## अभ्यासाच्या पद्धती

जुन्या व आजही वापरात असलेल्या पद्धतीत कीटकाचे शरीर पोटाच्या बाजूने उघडून आतडी दूर केली जातात व पाठीच्या कवचाला चिकटलेले हृदय लवणद्रावणात ठेवले जाते. द्रावणात चेतापारेषक मिसळण्यापूर्वी व नंतर मिनिटाला पडणारे ठोके मोजून फरक काढतात. या पद्धतीत द्रव्याची मात्रा अचूक ठरवता येते. परंतु हृदय त्याच्या नैसर्गिक परिसरापासून तुटते. दुसऱ्या पद्धतीत जिवंत कीटकाच्या शरीरात द्रव्य टोचून पारदर्शक कवचातून सूक्ष्मदर्शकाखाली ठोक्यांचे चित्रण करतात. फळमाशीची अळी व कोवळा कोश यांसाठी ती सोयीची आहे.

दोन्ही पद्धतींत काही काळजी घ्यावी लागते. तापमान वाढले की कीटकाचे ठोके आपोआप वाढतात, म्हणून ते स्थिर ठेवणे आवश्यक असते. कीटक बेशुद्ध करण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे फळमाशीच्या अळीचे हृदयच थांबते. त्यामुळे त्याचा वापर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष जपून घ्यावे लागतात.

## महत्त्व

अनेक कीटकनाशके चेतापारेषकांच्या कार्यातच बिघाड घडवतात. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील कीटकनाशके ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला रोखतात, निओनिकोटिनॉइडे ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींवर, तर ॲमिट्राझ हे ऑक्टोपामीनच्या ग्राहींवर क्रिया करते. ॲमिट्राझचा उपयोग मधमाश्यांवरील व्हॅरोआ या परजीवी कोळीकिडीचा नाश करण्यासाठी पोळ्यांतच केला जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अत्यल्प मात्रेतील ॲमिट्राझचाही मधमाशीच्या हृदयावर परिणाम होतो आणि मात्रेनुसार त्याचे स्वरूप बदलते, असे आढळले. कीटक लगेच मरत नाही म्हणून ते द्रव्य त्याला निरुपद्रवी आहे, असे मानता येत नाही हे यावरून दिसते. उपकारक कीटकांवरील अशा परिणामांचा शोध घेण्यासाठी हृदयाचा ठोका हे एक संवेदनशील साधन ठरते.

हृदयविकारांच्या मूलभूत संशोधनातही फळमाशीचा उपयोग होतो. तिच्यातील टिनमन या जनुकाच्या अभावी गर्भात हृदयच तयार होत नाही. या जनुकाशी साम्य असलेले जनुक मनुष्यातही असून त्यातील दोषांचा संबंध जन्मजात हृदयविकारांशी आहे. तथापि ॲसिटिलकोलीनच्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे, चेतापारेषकांबाबत कीटकातील निष्कर्ष मनुष्याला लावताना दोघांतील ग्राही व चेतातंतूंची रचना स्वतंत्रपणे तपासावी लागते.

## हे सुद्धा पहा

* कीटक
* झुरळ
* फळमाशी
* चेतासंस्था
* सेरोटोनिन